सॉलिसिटर व्हायचंय? मग दुसऱ्या वर्षाचा ऑक्टोबर सोडू नका

सप्टेंबर २०२९ मध्ये लंडनच्या एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर म्हणून रुजू व्हायचं असेल, तर कायद्याच्या विद्यार्थ्याचा अर्ज २०२६ च्या शेवटी किंवा २०२७ च्या जानेवारीत गेलेला असावा लागतो. नुसती सालं बदलून हेच वाक्य मी दरवर्षी कुणा ना कुणा आईबाबांना सांगते. ते बोटांवर वर्षं मोजतात आणि त्यांच्या लक्षात येतं, की त्या वेळी आपली लेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असेल, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. एवढ्या लवकर तिला कसं कळणार, आपल्याला कोणत्या फर्ममध्ये जायचंय?

प्रश्न अगदी रास्त आहे. व्यवस्था मात्र अशीच आहे, आणि ती ज्यांना आधी कळते त्यांना तिचा फायदा मिळतो. म्हणूनच हे लिहिते आहे.

मी मूळची सांगलीची. एलएलबी पुण्यात केलं, लग्नानंतर इंग्लंडला आले आणि पुढच्या परीक्षा देऊन इथे सॉलिसिटर झाले. बर्मिंगहॅममध्ये कोलमोर रोच्या आसपास वकिलांच्या कचेऱ्यांची दाटी आहे. तिथल्याच एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये मी मालमत्ता आणि मृत्युपत्रांचं काम बघते. आम्ही दरवर्षी दोन-तीन ट्रेनी घेतो. त्यांचे अर्ज वाचणाऱ्यांत मी असते. वाचता वाचता माझी खात्री पटली आहे, की हुशारी सगळ्या घरांत सारखीच सापडते, पण वेळापत्रकाची माहिती सगळ्या घरांत पोचत नाही. ज्याचा काका किंवा मावशी सॉलिसिटर आहे, त्याला पहिल्या वर्षीच कुणीतरी सगळं समजावून सांगतं. ज्याचे आईवडील आयटीत, हॉस्पिटलात किंवा दुकानात राबतात, ते मूल तिसऱ्या वर्षी मार्क हातात घेऊन चौकशीला येतं. तोवर त्याच्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या नेमणुका झालेल्या असतात.

आधी हा पेशा काय आहे ते सांगते. आपल्याकडे बॅरिस्टर सगळ्यांना माहीत. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. सॉलिसिटर म्हटलं की मुंबईत फोर्टातल्या जुन्या कचेऱ्या आठवणारी माणसं भेटतात. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा तिथे आजही होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र सामान्य माणसाची पहिली गाठ सॉलिसिटरशीच पडते. घर घ्यायचं असो, मृत्युपत्र करायचं असो, घटस्फोट असो, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई असो किंवा दोन कंपन्यांचं विलीनीकरण असो, कागद सॉलिसिटर करतो, अशिलाशी तोच बोलतो. वरच्या न्यायालयात युक्तिवाद करायची वेळ आली, की बहुधा तोच बॅरिस्टर नेमतो. या पेशावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची, म्हणजे एसआरएची, देखरेख असते.

सॉलिसिटर होण्यासाठी पदवी लागते, एसक्यूई नावाची परीक्षा दोन टप्प्यांत पास व्हावी लागते, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि तुमचं चारित्र्य या पेशाला योग्य असल्याची एसआरएची खात्री पटावी लागते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ही पद्धत सुरू झाली. पहिल्या टप्प्यात पर्यायी उत्तरांचे ३६० प्रश्न, १८० चे दोन पेपर. दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, न्यायालयासमोर बोलणं, मसुदा, पत्र, कायद्याचा शोध अशी प्रत्यक्ष कामाची १६ कार्यं. पहिला टप्पा सहा वर्षांत तीनदा देता येतो. दोन्ही टप्प्यांची मिळून नुसती परीक्षा फीच साडेचार हजार पौंडांच्या वर जाते. शिकवणीचा खर्च वेगळा.

‘ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट’साठी एवढी धडपड का, ते या आकड्यात दडलेलं आहे. फर्मशी हा करार झाला, की मोठ्या फर्म तुमची परीक्षा फी, शिकवणी आणि बहुतेकदा त्या काळातला राहण्याचा खर्चही उचलतात. मग दोन वर्षं पगारी काम. साधारणपणे सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’ असतात, म्हणजे चार वेगवेगळे विभाग. एखादी ट्रेनी कंपनी कायद्यापासून सुरुवात करते, मग मालमत्ता, मग न्यायालयीन वाद, मग कामगार कायदा. एखादीला सहा महिने अशिलाच्या कंपनीत पाठवतात. लंडनच्या बड्या फर्ममध्ये ट्रेनीचा पहिल्या वर्षाचा पगार ५० हजार पौंडांच्या पुढे गेला आहे. गावातल्या छोट्या फर्ममध्ये तो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. ट्रेनीला किमान अमुक पगार दिलाच पाहिजे, हे एसआरएचं बंधन २०१४ मध्ये निघालं. आता लॉ सोसायटी एक आकडा सुचवते, पण तो पाळायची सक्ती नाही. म्हणून छोट्या फर्मला अर्ज करण्याआधी पगार आणि परीक्षा फी या दोन्हींबद्दल स्पष्ट विचारा. विचारलं म्हणून कुणी नाराज होत नाही, निदान व्हायला नको.

आता वेळापत्रक. तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दाखल झालेली मुलगी डोळ्यांसमोर धरा. पहिल्या वर्षी तिला कुणी नोकरी देणार नसतं, पण फर्म ‘ओपन डे’ ठेवतात आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वसंतात दोन-चार दिवसांचे कार्यक्रम करतात. त्यांचेही अर्ज हिवाळ्यातच करावे लागतात. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये, विद्यापीठात ‘लॉ फेअर’ भरते, फर्मचे लोक टेबलं मांडून बसतात, आणि उन्हाळ्यातल्या ‘व्हेकेशन स्कीम’चे अर्ज उघडतात. ही स्कीम म्हणजे फर्ममध्ये एक-दोन आठवडे पगारी उमेदवारी. तिचे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. मोठ्या फर्म आपले बरेचसे ट्रेनी याच स्कीममधून उचलतात. २०२७ च्या उन्हाळ्यात स्कीम झाली, शेवटी मुलाखत झाली, करार हातात आला, तर २०२८ मध्ये पदवी, मग एसक्यूईची तयारी आणि २०२९ मध्ये रुजू. सॉलिसिटर म्हणून नाव लागणार ते २०३१ मध्ये.

इतिहास, भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना ही वाट बंद नाही. त्यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षी अर्ज करायचा; नंतर एक वर्षाचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा आणि मग एसक्यूई.

एक गोष्ट ठळक करून सांगते. कित्येक फर्म अर्ज येतील तसतसे वाचतात आणि मुलाखतीला बोलावत जातात. अशा ठिकाणी शेवटची तारीख ३१ डिसेंबर असली, तरी ख्रिसमसच्या सुट्टीत सावकाश भरलेल्या फॉर्मच्या वाट्याला थोड्याच जागा उरतात. लॉकरिअर्स डॉट नेट या संकेतस्थळावर तारखांची यादी फुकट मिळते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती उघडून वही घालावी: फर्मचं नाव, तारीख, अर्ज येतील तसे वाचतात की नाही, प्रश्न कोणते, शब्दमर्यादा किती.

किती अर्ज करावेत, हा दुसरा हमखास प्रश्न. साठ-साठ अर्ज केलेली मुलं मला भेटली आहेत. त्यांचा घाम खरा असतो, त्यांचा हिरमोडही खरा असतो, आणि मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं, कारण साठ फर्मचा अभ्यास कॉलेज सांभाळून कुणालाच जमत नाही. मग एकच उत्तर सगळीकडे जातं. माझं मत असं, की दहा-बारा फर्म निवडाव्यात आणि प्रत्येकीला आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी द्याव्यात. पहिला अर्ज सगळ्यांत आवडत्या फर्मला पाठवू नये. दोन अर्ज लिहून हात बसला, की मग तिच्याकडे वळावं.

फर्म निवडायची कशी? सगळ्या फर्मच्या संकेतस्थळांवर एकाच छापाचा मजकूर असतो. तो वाचून एक फर्म दुसरीपासून वेगळी कळत नाही. त्यापेक्षा न्यायालयांचे निकाल वाचा. बेली नावाच्या संकेतस्थळावर आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या निकालसंग्रहात ते सगळ्यांना फुकट खुले आहेत. निकालाच्या पहिल्या पानावर बॅरिस्टरच्या नावापुढे त्याला कोणत्या सॉलिसिटर फर्मने नेमलं ते छापलेलं असतं. फर्मचं नाव टाकून शोधा, तिने लढवलेला एखादा खटला निवडा, निदान त्यातली वस्तुस्थिती नीट वाचा. मग कंपनीज हाउसच्या नोंदवहीत त्या अशील कंपनीचे ताळेबंद बघा, तेही फुकट. एवढं करून आलेली मुलगी ‘ही फर्म का?’ या प्रश्नाला जे उत्तर देते, ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. आमच्याकडे बांधकामाच्या वादांचं काम बरंच असतं. एका उमेदवाराने तसल्याच एका निकालाबद्दल लिहिलं होतं, की ठेकेदाराची नोटीस उशिरा गेली म्हणून सगळा दावा लंगडा पडला, आणि हे वाचल्यावर मला तारखा सांभाळणाऱ्या माणसाचं मोल कळलं. साधीच वाक्यं होती. आम्ही त्याला लगेच बोलावलं.

फॉर्ममधले प्रश्न ठरीव असतात. कायद्याचाच पेशा का, हीच फर्म का, तुमची कोणती कौशल्यं इथे उपयोगी पडतील, हल्लीची व्यापारजगतातली कोणती घडामोड आमच्या अशिलांवर परिणाम करेल. प्रत्येकाला अडीचशे-तीनशे शब्द. इथे आपली मुलं दोन ठिकाणी मागे पडतात, असं मी वारंवार पाहिलं आहे.

पहिलं म्हणजे, स्वतःचं साधं काम त्यांना लिहिण्याजोगं वाटत नाही. हँड्सवर्थमधल्या एका मुलाने पहिल्या मसुद्यात शाळेतल्या वादविवाद स्पर्धेवर तीनशे शब्द खर्च केले होते. दर शनिवारी तो वडिलांच्या किराणा दुकानात बसायचा, याचा त्यात पत्ताच नव्हता. मी खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की एका घाऊक व्यापाऱ्याने खराब माल पाठवला आणि परत घ्यायला नकार दिला, कारण म्हणे चलनाच्या मागे तशी अट छापली होती. हा पठ्ठ्या जुनी चलनं काढून बसला. ऑर्डर फोनवर दिली होती, ठरलं तेही फोनवरच, आणि ते चलन माल उतरवल्यावर हातात पडलं. म्हणजे व्यवहार पक्का झाल्यावर दाखवलेली अट. ती लागू होते का, हा करार कायद्यातला अगदी मुळातला प्रश्न आहे, आणि या मुलाला तो विद्यापीठात जायच्या आधीच दुकानात भेटला होता. त्याने व्यापाऱ्याला पत्र लिहिलं, पैसे परत आले. मी त्याला म्हटलं, बाळा, वादविवाद स्पर्धा दोन ओळींत आटप आणि हे लिही. सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची नोकरी, आजीला दवाखान्यात नेऊन तिच्या वतीने डॉक्टरांशी बोलणं, आईचे कौन्सिलचे फॉर्म भरणं, हे सगळं अशिलाशी वागायचं शिक्षणच आहे. वाचणाऱ्याला ते हवं असतं.

दुसरं, केलेलं काम ती सगळ्यांच्या नावावर टाकतात. मंडळाच्या गणेशोत्सवात एखाद्या मुलीने हॉलचं भाडं ठरवलेलं असतं, विमा उतरवलेला असतो, ढोल-ताशासाठी कौन्सिलशी पत्रव्यवहार केलेला असतो, आणि अर्जात मात्र ‘आम्ही मिळून उत्सव पार पाडला’ एवढंच येतं. घरचे संस्कार चांगलेच आहेत. पण वाचणाऱ्याला तिने स्वतः काय केलं ते कळायलाच हवं. अडचण कोणती आली, मी काय केलं, त्याचं काय झालं, हे सरळ लिहिण्यात बढाई नाही.

अर्जात आणखी एक चौकट असते, आणि ती बहुतेक मुलं मोकळी सोडतात. आजारपण, घरातला मृत्यू, काळजीवाहूची जबाबदारी यांमुळे मार्क कमी पडले असतील तर ते तिथे सांगायचं असतं. ए-लेव्हलच्या वर्षी आईची केमोथेरपी चालू असलेल्या एका मुलीने ही चौकट रिकामी ठेवली होती. घरातलं बाहेर कशाला, असं तिला वाटलं. माझी कळकळीची विनंती आहे, ती चौकट भरा. तीन-चार ओळी, तारखांसह, शक्य असेल तर शिक्षकाच्या पत्रासह. अनेक फर्म उमेदवाराची शाळा आणि परिस्थिती लक्षात घेऊनच मार्क वाचतात. तुम्ही सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कुठून?

अर्जानंतर बऱ्याच ठिकाणी वॉटसन-ग्लेझर चाचणी असते. दिलेल्या मजकुरातून अनुमान निघतं की नाही, त्यात काय गृहीत धरलंय, युक्तिवाद भक्कम आहे की पोकळ, अशा पाच प्रकारचे प्रश्न. आपल्याला बाहेरून जे माहीत असतं ते बाजूला ठेवून फक्त समोरच्या मजकुरावर उत्तर द्यायचं, ही शिस्त सरावाने अंगी येते. मग मुलाखत; आधी कित्येकदा कॅमेऱ्यासमोर एकट्याने बोलायचं, नंतर प्रत्यक्ष, आणि त्यासोबत लेखी काम व गटचर्चा.

महाराष्ट्रातून एका वर्षाच्या एलएलएमसाठी येणाऱ्यांना मला वेगळं सांगायचंय. तुम्ही सप्टेंबरमध्ये उतरता, घर शोधून स्थिरावता तोवर नोव्हेंबर उजाडतो, आणि मोठ्या फर्मच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात. त्या जागाही पुढच्या नव्हे, दोनेक वर्षांनंतरच्या. तेवढ्यात व्हिसाची मुदत सरते. म्हणून फर्मची यादी पुण्या-मुंबईहून निघायच्या आधी करा. फर्मकडे परदेशी कर्मचाऱ्यांना प्रायोजित करायचा परवाना आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच्या खुल्या यादीत दिसतं. छोट्या फर्मकडे तो बहुधा नसतो. आणि तुम्ही भारतात सनद घेतलेले वकील असाल, तर तुम्हाला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची गरजच नाही. दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला लागू होत नाही. एसक्यूई पास व्हा; पहिला टप्पा भारतातल्या केंद्रातही देता येतो. कर्ज काढून एलएलएमला येण्याआधी हे प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

इथल्या मुलांसाठीही आता ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा एकच दरवाजा राहिलेला नाही. दोन वर्षांचा अनुभव जास्तीत जास्त चार संस्थांत मिळून पूर्ण करता येतो, आणि तो पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या सहायकाच्या, नोकरीत, लॉ सेंटरमध्ये, विद्यापीठाच्या कायदा सल्ला केंद्रात मिळवला तरी चालतो. सॉलिसिटरची त्यावर सही लागते. ती ज्या त्या वेळीच घ्या, नोकरी सोडल्यावर माणसं शोधत फिरावं लागतं. छोट्या फर्म तर बहुतेकदा आपल्याच पॅरालीगलला पुढे ट्रेनी करतात, त्यांच्या जागा वर्षभर केव्हाही निघतात. शिवाय २०१६ पासून सॉलिसिटर अप्रेंटिसशिप आहे: बारावीच्या वयात, ए-लेव्हल होताच फर्ममध्ये लागायचं, सहा वर्षं काम आणि शिक्षण एकत्र, पगार चालू, विद्यापीठाचं कर्ज नाही. आपल्याकडे विद्यापीठात न जाण्याची कल्पनाच पालकांना सोसत नाही. त्यांनी शांतपणे पुन्हा विचार करावा. या वाटेनेही माणूस पूर्ण सॉलिसिटर होतो, पदवीसकट.

नकार येतात, बऱ्याच जणांना पहिल्या वर्षी सगळीकडून येतात. पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करता येतो आणि मधल्या वर्षात पॅरालीगल म्हणून काम केलेल्यांचे अर्ज सहसा जास्त दमदार असतात. मुलाखतीपर्यंत पोचून नकार आला असेल तर कुठे कमी पडलो ते विचारा, बऱ्याच फर्म सांगतात.

तुमच्या घरात, मंडळात किंवा शेजारी कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलेलं कुणी असेल, तर त्याला हा अंक द्या. आणि तुम्ही स्वतः इंग्लंडमध्ये सॉलिसिटर असाल, तर या ऑक्टोबरमध्ये एका विद्यार्थ्याचा एक अर्ज शेजारी बसून वाचून द्या.